साफवेत-बेग बाशागिच: बोश्न्याक कवी, सभापती आणि ग्रंथवेडा संशोधक (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

साफवेत-बेग बाशागिच म्हणजे नेमके कोण?

बोस्निया-हर्सेगोव्हिनातले कवी, इतिहासकार, अनुवादक आणि १९१० साली तिथल्या प्रांतिक विधिमंडळाचे सभापती झालेले पुढारी. जन्म ६ मे १८७०, नेवेसिन्ये. मृत्यू ९ एप्रिल १९३४, साराजेव्हो. उस्मानी साम्राज्यात जन्मले, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राज्यात वाढले आणि युगोस्लाव्हियाच्या राजवटीत वारले. एका आयुष्यात तीन राज्यं पाहिली, पण मायदेश बदलला नाही.

शाळेच्या पुस्तकांत त्यांना ‘कवी आणि राष्ट्रपुरुष’ म्हणतात. माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम या दोन्ही शब्दांत बसत नाही. आपल्या माणसांनी चारशे वर्षांत काय काय लिहून ठेवलं, हे धूळ झटकून शोधण्यात आणि त्याची यादी करण्यात त्यांनी उमेदीची वर्षं घालवली. खालच्या उत्तरांत तो धागा पुन्हापुन्हा येईल.

नावाचा उच्चार कसा करायचा? ‘बेग’ आणि ‘मिर्झा’ हे काय आहे?

‘साफवेत’ हा अरबी शब्द, अर्थ शुद्ध, निवडक. ‘बेग’ म्हणजे जमीनदार घराण्यातल्या पुरुषाच्या नावापुढे लागणारी पदवी. आपल्याकडच्या मोगल सरदारांच्या नावांत भेटतो तोच हा बेग. कविता ते ‘मिर्झा साफवेत’ या नावानं लिहीत. मिर्झा हा फारसी शब्द, अमीरजादा या अर्थाचा. आडनावातला शेवटचा ‘च’ हलका, जिभेच्या टोकानं म्हणायचा.

बोस्नियन भाषा स्लाव्ह कुळातली, रशियन आणि पोलिश यांची बहीण. पण उस्मानी काळात तिच्यात इतके तुर्की, फारसी आणि अरबी शब्द मुरले की मराठी माणसाला अधूनमधून ओळखीचा आवाज ऐकू येतो. दुश्मनला तिथे ‘दुश्मान’ म्हणतात, दुकानाला ‘दुचान’, शहराला ‘शेहेर’, आणि दुनियेला ‘दुन्यालुक’.

बोस्नियन आणि बोश्न्याक यांत फरक काय?

बोस्नियात राहणारा कोणीही बोस्नियन, मग तो कोणत्याही धर्माचा असो. बोश्न्याक हे आज तिथल्या मुस्लिम परंपरेतल्या स्लाव्ह लोकांचं राष्ट्रनाम आहे. त्यांची भाषा स्लाव्ह, पूर्वज स्लाव्ह, धर्म इस्लाम. ते तुर्क नाहीत. हा गैरसमज आपल्याकडेच असतो असं नाही, युरोपातही भरपूर आहे.

१९७१च्या जनगणनेत युगोस्लाव्हियानं त्यांना ‘मुस्लिम’ या नावानं स्वतंत्र राष्ट्रगट म्हणून मोजलं. ‘बोश्न्याक’ हे जुनं नाव त्यांनी अधिकृतपणे परत घेतलं ते सप्टेंबर १९९३मध्ये, बोस्नियातल्या युद्धात वेढा पडलेल्या साराजेव्होत भरलेल्या सभेत. बाशागिचनी हा शब्द कवितेत वापरला तो त्याच्या शंभर वर्षं आधी. म्हणून त्यांच्याकडे आज सगळे वळून पाहतात.

त्यांचं बालपण कसं गेलं?

पळापळीत. नेवेसिन्ये हा पूर्व हर्सेगोव्हिनातला उंचावरचा थंड मुलूख. १८७४ साली पीक बुडालं तरी सारावसुली थांबली नाही, आणि १८७५च्या उन्हाळ्यात तिथल्या ख्रिश्चन शेतकऱ्यांनी बंड केलं. सर्बियन इतिहासात ते ‘नेवेसिन्येची बंदूक’ या नावानं प्रसिद्ध आहे. साफवेत तेव्हा पाच वर्षांचा होता. बंडाची झळ आधी बेगांच्या घरांना लागली हे ओघानं आलंच. पुढे बंडाचं युद्ध झालं, युद्धानंतर १८७८ साली बर्लिनमध्ये युरोपातल्या सत्ता बसल्या आणि बोस्निया ऑस्ट्रिया-हंगेरीच्या ताब्यात देऊन मोकळ्या झाल्या. त्या ऑगस्टमध्ये साराजेव्हो पडलं. मुलगा आठ वर्षांचा.

हे तपशील मुद्दाम सांगितले. कारण त्यांच्या पिढीतल्या पुष्कळ मुस्लिम कुटुंबांनी बोचकी बांधून तुर्कस्तानची वाट धरली. सुलतान नाही तिथे राहायचं कसं, हा प्रश्न घरोघरी होता. बाशागिच कुटुंब राहिलं. साफवेतनं पुढे जे जे लिहिलं, त्याच्या मुळाशी हे राहणं आहे.

घरात लिहिण्याची परंपरा होती का?

होती. वडील इब्राहिम-बेग उस्मानी अंमलदार आणि ‘एधेम’ या नावानं लिहिणारे कवी. त्यांचं वाचन तुर्की, अरबी आणि फारसीतलं. तो त्या काळाचा रिवाजच होता. बोस्नियातला शिकलेला मुसलमान धर्मशास्त्र अरबीत लिही, कारभार तुर्कीत करी, प्रेमकविता फारसीत रची आणि आईशी बोस्नियन बोले. बोस्नियन लिहिलीच तर अरबी लिपीत. त्या लिखाणाला ‘आल्हामियादो’ म्हणतात.

मुलानं या वाटेला वळण दिलं. तो वडिलांच्या तिन्ही भाषा शिकला, पण कविता आईच्या भाषेत केली. पहिला संग्रह १८९६ साली क्रोएशियातल्या झाग्रेबमध्ये छापला. नाव ‘त्रोफांदा’, म्हणजे हंगामाआधी पिकलेलं पहिलं फळ. पुढे १९०५मध्ये ‘विचार आणि भावना’ अशा अर्थाचा दुसरा संग्रह आला.

‘बोश्न्याकास’ ही कविता एवढी का गाजते?

ती एकवीस वर्षांच्या मुलानं १८९१ साली लिहिली आणि तिच्यातल्या दोन ओळी आजही भांडणात फेकल्या जातात:

*ओद त्रेबिन्या दो ब्रोद्स्कियेह व्राता*
*निये बिलो स्र्बा नी ह्र्वाता*

दक्षिणेतल्या त्रेबिन्येपासून उत्तरेत सावा नदीकाठच्या ब्रोदच्या दारापर्यंत ना कोणी सर्ब होता, ना कोणी क्रोएट. आणि हे फार जुनं नाही, कवी सांगतो, पंधरा वर्षंही झाली नाहीत. आता मात्र दोघे पाहुणे आपलंच घर असल्यासारखे हातपाय पसरतात आणि आपलं सगळ्यात पवित्र धन, आपलं नाव, हिरावून नेऊ पाहतात.

त्यामागचं वास्तव असं. जुन्या काळी तिथली माणसं स्वतःची ओळख आधी धर्मानं आणि गावानं सांगत. एकोणिसाव्या शतकात बेलग्रेड आणि झाग्रेबहून राष्ट्रवाद आला. ऑर्थडॉक्स ख्रिश्चन स्वतःला सर्ब म्हणू लागले, कॅथलिक स्वतःला क्रोएट. मग दोन्हीकडचे लोक मुसलमानांना सांगू लागले, तुम्हीही मुळात आमचेच. या ओढाताणीत व्हिएन्नाचे मंत्री बेंजामिन कालाय यांनी तिसरा डाव टाकला: सगळे मिळून एकच बोस्नियन राष्ट्र. त्यात राज्यकर्त्यांचा स्वार्थ उघड होता. कविता त्याच वाऱ्यात लिहिली गेली, पण तिच्यातला राग सरकारी नाही. तो घरचा आहे.

तरी इतिहास म्हणून त्या ओळी मला पटत नाहीत, हे सांगायला हवं. ऑर्थडॉक्स आणि कॅथलिक शेजारी शतकानुशतकं तिथलेच होते. त्यांनी स्वतःला नवं नाव दिलं म्हणून ते पाहुणे होत नाहीत. ज्या हक्कासाठी तरुण कवी तळमळतो, तोच हक्क या ओळी शेजाऱ्याला नाकारतात. कविता वाचावी, पाठही करावी, पण शेजाऱ्याच्या तोंडावर फेकू नये.

पण ते स्वतःला क्रोएटही म्हणवत, असं ऐकलं. खरं काय?

दोन्ही. तरुणपणी त्यांनी क्रोएशियन भाषेची उघड स्तुती केली. पूर्व आणि पश्चिम, गीत आणि बुद्धी यांना जोडण्याची ताकद या भाषेच्या नादात आहे, असं त्यांच्या एका कवितेत येतं. अखेरीस, १९३१ साली, झाग्रेबमध्येच त्यांचा उस्मानी साम्राज्यातल्या नामवंतांचा चरित्रकोश निघाला, त्याच्या नावातच ‘क्रोएट, बोश्न्याक आणि हर्सेगोव्हिनी’ असे तिन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत.

त्यामुळे क्रोएट अभ्यासक त्यांना आपलं मानतात, बोश्न्याक आपलं. वाद घालणारे दोन्हीकडचे लोक एकच गोष्ट विसरतात. १८९०च्या आसपास ही खाती अजून पक्की झालेली नव्हती. मुस्लिम विद्यार्थ्याला स्लाव्ह भाषेत छापायचं तर झाग्रेबची छापखानेवाली मंडळी दार उघडत होती. मित्र तिथे, मासिकं तिथे. एका कवितेतून त्यांचं राष्ट्रीयत्व ठरवायचं आणि दुसरी कविता लपवायची, असं केलं तर माणूस हातातून निसटतो. मी त्यांना बोश्न्याक म्हणतो कारण त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय तो आहे, आणि क्रोएशियन साहित्यातही त्यांची जागा आहे हे मान्य करण्यात मला काहीच अडचण वाटत नाही.

‘बेहार’ म्हणजे काय?

१ मे १९०० रोजी साराजेव्होत सुरू झालेलं नियतकालिक. एधेम मुलाब्दिच आणि ओस्मान नुरी हाजिच या मित्रांबरोबर बाशागिचनी ते काढलं आणि सुरुवातीला संपादनही केलं. बेहार म्हणजे फळझाडांवरचा मोहोर. डाळिंब-संत्र्याचे बागायतदार मृगबहार, आंबेबहार म्हणतात ना, त्यातला ‘बहार’ आणि हा ‘बेहार’ एकाच फारसी शब्दाची लेकरं. ‘त्रोफांदा’नंतर ‘बेहार’: या माणसाला नावं बागेतूनच सुचत होती.

दशकभर चाललेल्या या पत्रानं मुस्लिम बोस्नियात कथा, कविता, लेख, अनुवाद वाचणारा वर्ग घडवला. पुढे मुसा चाझिम चातिचसारखा अस्सल कवी याच अंगणात वावरला.

आणि ‘गाय्रेत’?

विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देणारी संस्था, स्थापना १९०३. बाशागिच तिच्या संस्थापकांपैकी एक. नव्या राजवटीच्या शाळांकडे मुस्लिम पालक संशयानं पाहत होते. मुलगा तिथे गेला तर धर्म सोडेल, ही भीती. त्यामुळे डॉक्टर, वकील, अभियंते या समाजात बोटांवर मोजण्याइतके. स्वतः बाशागिच साराजेव्होच्या सरकारी शाळेत पौर्वात्य भाषा शिकवत होते, हुशार पोरं पैशाअभावी गळताना रोज बघत होते. गाय्रेतची कल्पना शिक्षकाच्या खुर्चीतून सुचण्यासारखीच आहे.

त्यांचा व्हिएन्नातला प्रबंध कशाबद्दल होता? तो महत्त्वाचा का?

मला सगळ्यात आवडणारा प्रश्न.

१८९५च्या सुमारास ते व्हिएन्ना विद्यापीठात अरबी आणि फारसी शिकायला गेले. परत येऊन नोकरी, मासिक, संस्था, सगळं केलं आणि चाळिशीत, १९१० साली, डॉक्टरेट पुरी केली. विषय: बोस्निया आणि हर्सेगोव्हिनातल्या माणसांनी इस्लामी जगाच्या साहित्यात घातलेली भर. १९१२मध्ये हा प्रबंध त्यांच्या भाषेत साराजेव्होत छापून आला.

तोवर समज काय होता? परके अभ्यासक म्हणत, तुर्की अमलात बोस्नियात लिहिण्यासारखं काही झालंच नाही, चारशे वर्षं अंधार. आणि अरबी-तुर्की-फारसीत जे लिहिलं गेलं होतं, ते इस्तंबूलच्या खात्यावर जमा. बाशागिचनी एकेक हस्तलिखित उघडलं, समासातल्या नोंदी वाचल्या, ‘बोस्नेवी’, ‘मोस्तारी’ असे गावदर्शक शब्द शोधले आणि कवी, टीकाकार, कायदेपंडित यांची मोठी रांग उभी केली.

त्यात सुदी आहे. चाय्निचेजवळच्या खेड्यात जन्मलेला, सोळाव्या शतकात इस्तंबूलला शिकवणारा. शिराझचा फारसी कवी हाफिज याच्या दिवाणावर, म्हणजे कवितासंग्रहावर, त्यानं तुर्कीत टीका लिहिली. इतर टीकाकार प्रत्येक प्याल्यात अध्यात्म शोधत असताना सुदी व्याकरण धरून बसला आणि शब्दाचा सरळ अर्थ सांगत गेला. एकोणिसाव्या शतकात लाइपझिगला हाफिजची आवृत्ती छापली, तिला आधार सुदीचाच. त्यात फेव्झी मोस्तारी आहे, ज्यानं अठराव्या शतकात सादीच्या ‘गुलिस्तान’च्या धर्तीवर फारसीत ‘बुलबुलिस्तान’ रचलं. प्रुसात्सचा हसन काफी आहे, ज्यानं सोळाव्या शतकाच्या शेवटी राज्य कशानं ढासळतं यावर अरबीत लिहिलं आणि ते उस्मानी दरबारापर्यंत पोचलं.

आपल्या गावच्या ओढ्याकाठी वाढलेला कोणी शिराझच्या भाषेत लिहीत होता, ही बातमी १९१२च्या बोस्नियन वाचकाला काय वाटली असेल, याची मी नेहमी कल्पना करतो. नंतरच्या अभ्यासकांनी या ग्रंथातल्या तारखा दुरुस्त केल्या, नावं वाढवली. पण वाट पाडली ती यांनी.

राजकारणात त्यांनी काय केलं?

१९०८ साली ऑस्ट्रिया-हंगेरीनं बोस्निया रीतसर गिळला. १९१०च्या फेब्रुवारीत प्रांताला एक घटना दिली आणि तिच्यातून विधिमंडळ, म्हणजे ‘साबोर’, आलं. ७२ निवडलेले सदस्य, त्यांच्या जागा धर्मवार वाटलेल्या: ऑर्थडॉक्स ३१, मुस्लिम २४, कॅथलिक १६, ज्यू १. शिवाय पदसिद्ध २०, म्हणजे धर्मगुरू वगैरे. १५ जून १९१०ला साबोर उघडलं आणि त्याच दिवशी बोग्दान झेरायिच नावाच्या तरुणानं गव्हर्नरवर गोळ्या झाडून शेवटची गोळी स्वतःवर घातली. असा तो मुहूर्त.

पहिले सभापती अली-बेग फिर्दुस त्याच वर्षी वारले आणि खुर्ची बाशागिचकडे आली.

खुर्ची मोठी, हात बांधलेले. साबोरनं केलेला कायदा व्हिएन्ना आणि बुडापेस्ट या दोन्ही सरकारांनी मान्य करायचा, मग सम्राटानं. सरकारला जाब विचारण्याची ताकद नव्हती. १९१४मध्ये महायुद्ध सुरू झाल्यावर ते बंद झालं ते कायमचंच. तरी तीन धर्मांची माणसं एका दालनात बसून आपल्या भाषेत वाद घालत होती, आणि मध्यभागी एक कवी वेळ मोजत बसला होता. त्या देशाच्या पुढच्या इतिहासाकडे पाहिलं की ती काही लहान गोष्ट वाटत नाही.

त्यांच्यावर टीका कोणती होते?

मुख्य टीका वर्गाची, आणि ती रास्त आहे. १९१०च्या जनगणनेत कुळं असलेल्या जमीनदारांपैकी दहात नऊ मुस्लिम होते आणि कुळं जवळजवळ सगळी ख्रिश्चन. बाशागिच बेगांच्या घरातले. त्यांच्या इतिहासलेखनात बेग शूर, दानशूर, आपल्या मातीसाठी सुलतानाशीही भिडणारे दिसतात. नांगरामागचा माणूस फारसा दिसत नाही. १९०० सालचं त्यांचं इतिहासाचं छोटं पुस्तक १४६३पासून सुरू होतं आणि १८५०ला थांबतं. पहिलं वर्ष उस्मानी विजयाचं आणि दुसरं उस्मानी सेनापती ओमेर पाशानं बोस्नियन बेगांची सत्ता मोडली त्या काळाचं. या सीमाच सांगतात की लेखक कोणाची गोष्ट सांगतोय.

कवी म्हणून ते पहिल्या रांगेतले आहेत का? मला वाटतं, नाहीत. ओळ गोड, वृत्त साफ, पण धाडस कमी. चातिचची एखादी कविता वाचली की फरक कळतो.

त्यांनी उमर खय्यामचा अनुवाद केला होता ना?

हो, १९२० साली, थेट फारसीतून. तेव्हा युरोपभर खय्याम इंग्रजीच्या वाटेनं पसरत होता. बाशागिचना त्या वळणाची गरज नव्हती, फारसी घरात होती.

मराठी वाचकाला इथे माधव जूलियन आठवायलाच हवेत. माधवराव पटवर्धन फारसीचे प्राध्यापक. त्यांचा फारसी-मराठी कोश १९२५चा, आणि खय्यामच्या रुबायांचा मूळ फारसीवरून केलेला मराठी अनुवाद १९२९चा. दोघांची गाठ पडण्याचा संबंध नव्हता. पण एकाच दशकात साराजेव्होतला एक शिक्षक आणि महाराष्ट्रातला एक प्राध्यापक, दोघेही इंग्रजी खय्याम बाजूला सारून त्याच्या निशापूर गावच्या मूळ चार ओळींपाशी जाऊन बसले होते. फारसीचं राज्य एकेकाळी केवढं पसरलं होतं, ते यावरून कळतं.

१९२४मध्ये त्यांनी ‘मेव्हलूद’ही लिहिलं, म्हणजे प्रेषितांच्या जन्माची गाथा. ही मोठ्यानं, जमून म्हणायची रचना असते.

त्यांची हस्तलिखितं स्लोव्हाकियात कशी गेली?

पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ ते १९२७, ते साराजेव्होच्या प्रांतिक संग्रहालयात काम करत होते. स्वतःचा संग्रह त्याआधीपासून जमवलेला: अरबी, फारसी, तुर्की हस्तलिखितं आणि छापील पुस्तकं, काही त्यांच्या प्रबंधातल्या कवींची. १९२४च्या सुमारास हा संग्रह ब्रातिस्लाव्हाच्या विद्यापीठ ग्रंथालयानं विकत घेतला. २८४ हस्तलिखित खंड, ३६५ छापील.

बोस्नियात यावरून बराच काळ हळहळ होती. घरचा ठेवा परक्याला दिला, अशी.

मग १९९२ आलं, बोस्नियात युद्ध पेटलं. १७ मे रोजी साराजेव्होच्या पौर्वात्य संस्थेवर आगगोळे पडले आणि पाच हजारांवर हस्तलिखितं एका दिवसात जळाली. ऑगस्टच्या २५ तारखेच्या रात्री ‘व्हियेच्नित्सा’ ही राष्ट्रीय ग्रंथालयाची इमारत पेटवली गेली. शहरावर दिवसेंदिवस जळक्या पानांची राख पडत होती. बाशागिच ज्यांची यादी करत आयुष्यभर बसले, त्याच जातीचे ग्रंथ ते. आणि त्यांचा स्वतःचा संग्रह डॅन्यूबच्या काठी कपाटात सुखरूप होता. १९९७ साली युनेस्कोनं त्याला ‘जागतिक स्मृती’च्या नोंदवहीत घेतलं.

त्यांनी हे ओळखून विकलं असं म्हणणं भाबडेपणा होईल. पण पाचव्या वर्षी नेवेसिन्येचं बंड पाहिलेल्या माणसाला घरं जळतात हे शिकवावं लागत नाही, एवढं मला वाटतं.

साराजेव्होला गेलो तर त्यांच्या खुणा कुठे दिसतील?

जुन्या पेठेत गाझी हुस्रेव्ह-बेग मशीद आहे, सोळाव्या शतकातली. तिच्या आवारात त्यांची कबर आहे. ही मशीद बांधणाऱ्या हुस्रेव्ह-बेगांवर त्यांनी १९०७ साली पुस्तक लिहिलं होतं, आता त्यांच्याच अंगणात आहेत. याच हुस्रेव्ह-बेगांच्या नावाचं ग्रंथालयही जवळच आहे. वेढ्याच्या काळात तिथली हस्तलिखितं खोक्यांत भरून एका जागेहून दुसऱ्या जागी, गोळीबारातून, अनेकदा हलवली आणि वाचवली. तिथून मिल्यात्स्का नदीकडे चालत गेलं की व्हियेच्नित्सा लागते, २०१४मध्ये पुन्हा उभी राहिलेली. वर चढणीला लागलात तर त्यांच्या नावाचा रस्ता आहे, दोन्ही बाजूंना जुनी घरं आणि कुंपणावरून डोकावणारी फळझाडं. एप्रिलच्या शेवटी गेलात तर बेहार फुललेला असतो.